ब्रिटनमध्ये लोकशाही रोजच्या जगण्यात नेमकी दिसते कुठे? मुलीच्या शाळेत 'ब्रिटिश मूल्ये' शिकवतात, म्हणून विचारतोय.

शाळेत शिकवतात ती चार: लोकशाही, कायद्याचे राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य आणि परस्पर आदर-सहिष्णुता. इंग्लंडमधल्या शाळांवर 2014 पासून तसं बंधन आहे. भिंतीवरचं पोस्टर वाचून फारसं काही कळत नाही, हे खरं.

त्यापेक्षा रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाकडे बघा. तिथे प्लास्टिकच्या पाकिटात नोटीस बांधलेली असते: अमुक घरमालकाला मागे खोली वाढवायची आहे, हरकत असेल तर साधारण 21 दिवसांत कळवा. पत्र कुणीही लिहू शकतं, आणि कौन्सिलला ते विचारात घ्यावं लागतं. मान्य करतीलच असं नाही हं!

दुसरं म्हणजे खासदाराची 'सर्जरी'. ऑपरेशन नव्हे, मतदारांना भेटायची वेळ. बहुधा शुक्रवारी किंवा शनिवारी, एखाद्या वाचनालयात किंवा हॉलमध्ये. व्हिसा अडकला, घरात ओल आली, असली गाऱ्हाणी घेऊन लोक जातात. वशिला लागत नाही, आधी वेळ मात्र घ्यावी लागते.

आणि मतदान. तुम्ही भारतीय नागरिक असाल आणि तिथे कायदेशीर राहत असाल, तर राष्ट्रकुल नागरिक म्हणून संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. आपल्या कित्येकांना हे माहीतच नसतं. आधी नाव नोंदवा. केंद्र सकाळी 7 ते रात्री 10 उघडं असतं, फोटो ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. बोटाला शाई नाही. दोरीला बांधलेली पेन्सिल घ्यायची आणि फुली मारायची. मुलीलाही सोबत न्या, चालतं.