जामीन झाला, तरी भाऊ आतच का?

नवे फौजदारी कायदे १ जुलै २०२४ ला लागू झाले, पण लोकांचे प्रश्न अजून तेच ते. कोर्ट नाक्यावर चहा प्यायला उभं राहिलं तरी कोणीतरी मोबाइल पुढे करून विचारतंच, म्हणून आलेल्यातले काही इथेच घेतो. फक्त हे वाचून स्वतःच स्वतःचे वकील होऊ नका, कागद बघितल्याशिवाय कोणीच पक्कं सांगू शकत नाही.

प्र. ट्रान्स हार्बर लोकलमध्ये रबाळ्याच्या पुढे मोबाइल मारला. घराजवळच्या पोलीस स्टेशनला गेलो तर "आमची हद्द नाही" म्हणाले. (कळवा)

हद्द नाही म्हणून परत पाठवता येत नाही. बीएनएसएस (सीआरपीसीच्या जागी आलेला नवा कायदा) कलम १७३, झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असो, नोंद करायची. ते नोंदवतील आणि रेल्वे पोलिसांकडे वर्ग करतील. ऑनलाइन दिलीत तर ३ दिवसांत जाऊन सही करायची, एफआयआरची कॉपी फुकट मिळते. मोबाइलचं बिल मात्र शोधून ठेवा, कारण ५ हजारांच्या आतली चोरी आता अदखलपात्र झालीय, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. आणि कोणी "गहाळ म्हणून लिहून द्या, लवकर होईल" म्हटलं तर सही करू नका, चोरी ती चोरी. हँडसेट सीईआयआर या सरकारी पोर्टलवर ब्लॉक करा. तरीही घेत नसतील तर डीसीपींना लेखी, मग मॅजिस्ट्रेट, आणि तिथे वकील लागेल.

प्र. माझ्यावर २०२२ ची मारामारीची केस आहे. आयपीसी रद्द झालं म्हणजे केसही संपली ना? (कोपरखैरणे)

नाही. गुन्हा ज्या तारखेचा, कायदा त्या तारखेचा. तारखेला हजर राहा.

प्र. वडिलांना (वय ६७) बीएनएसएस ३५(३) ची, म्हणजे पोलिसांपुढे हजर राहण्याची, नोटीस आलीय. शेजारी म्हणतात आता अटक नक्की. एक ओळखीचा २५ हजारांत "सेटिंग" करतो म्हणतोय. (ऐरोली)

शेजाऱ्यांची वकिली थांबवा आधी. ही नोटीस येते तीच मुळी सध्या अटकेची गरज वाटत नाही म्हणून. वडील हजर राहिले, सहकार्य केलं तर लेखी कारण दिल्याशिवाय अटक करता येत नाही. दांडी मारली तर मात्र तुम्हीच कारण दिलंत. शिवाय वय ६० च्या वर आणि गुन्ह्याची शिक्षा ३ वर्षांच्या आत असेल तर डीवायएसपी दर्जाच्या, म्हणजे आपल्याकडे एसीपींच्या, परवानगीशिवाय अटक नाही. सेटिंगवाल्याला एक रुपया देऊ नका, तो जे विकतोय ते कायद्याने फुकट आहे. अटकपूर्व जामीन लागेल की नाही ते कलमं बघून ठरतं, नोटीस घेऊन वकिलाकडे जा, तारखेच्या आधी.

प्र. भावाला साध्या चोरीत जामीन होऊन पाच आठवडे झाले. १५ हजारांचा जामीनदार मागितलाय, आमचं इथे कोणी नाही. अजून ठाणे जेलमध्येच आहे. कोर्टाबाहेर एक जण जामीनदार आणून देतो म्हणतो. (दिवा)

हा प्रश्न आला की माझं डोकं फिरतं. पाच आठवडे! जामीन झाल्यावर माणूस आत आहे तो कायद्यामुळे नाही, कागदामुळे. किल्ल्यातल्या त्या जेलमध्ये आधीच दाटीवाटी, आणि त्यात ज्यांना कोर्टाने सोडलंय असेही बसलेत. सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२३ ला स्पष्ट सांगितलंय, जामिनाचा आदेश जेलला ईमेलने जायचा, ७ दिवसांत सुटका झाली नाही तर जेल अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, महिनाभरात जामीनदार दिला गेला नाही तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करायचा विचार करू शकतं. स्थानिक जामीनदाराचाच हट्ट हेही उशिराचं कारण आहे, तशी अट घालू नये, हेही त्यातच आहे. पण कोणी उठून अर्जच करत नाही हो! घरच्यांना वाटतं वकील बघेल, वकिलाला वाटतं घरचे जामीनदार शोधतायत, आणि मधल्या मध्ये महिना जातो.

आता करायचं काय, तर अट बदलण्याचा अर्ज, किंवा तात्पुरत्या कॅश बेलचा, म्हणजे पैसे भरून सुटका आणि जामीनदारासाठी नंतर मुदत. कॅशही नसेल तर गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आहे, कच्च्या कैद्याला जामिनाच्या पैशांसाठी मदत मिळते, जिल्ह्याची समिती ठरवते. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. ठाणे कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, नाहीतर त्यांची हेल्पलाइन १५१०० लावा.

तो कोर्टाबाहेरचा माणूस? भाड्याचा जामीनदार, खोटं रेशनकार्ड. पकडलं गेलं तर भावाचा जामीन जाईलच, वर तुमच्यावर नवी केस.

ज्यांचा जामीनच झालेला नाही त्यांनी बीएनएसएस कलम ४७९ बघा. पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सुटकेचा हक्क, म्हणजे ३ वर्षांच्या साध्या चोरीत १ वर्ष. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना नाही, एकाहून जास्त केसेस चालू असतील तरी नाही. अर्ज करणं जेल अधीक्षकांचं काम आहे, पण त्यांची वाट बघत बसू नका. आणि दिव्याचे तुम्ही, विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात उद्याच जा.

प्र. व्हिडिओ कॉलवर "डिजिटल अरेस्ट" केली म्हणतात. (वाशी)

अशी अटकच नसते. फोन ठेवा. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० आत्ता लावा, संध्याकाळी नाही.

प्र. घरफोडीत "अ समरी" झाली म्हणे. म्हणजे आम्ही खोटं बोललो असं? (घणसोली)

नाही. समरी म्हणजे तपास बंद करायचा पोलिसांचा कोर्टाला दिलेला अहवाल. अ समरी म्हणजे गुन्हा खरा, आरोपी सापडला नाही. खोटी तक्रार ठरली तर ब, गैरसमज किंवा दिवाणी स्वरूपाचं असेल तर क. समरी मंजूर होण्याआधी फिर्यादीचं म्हणणं ऐकावं लागतं, तेव्हा कोर्टाची नोटीस आली की घरात ठेवून देऊ नका. हरकत घ्यायची तर सीसीटीव्हीत काय बघितलं नाही, कोणाचा जबाब राहिला, हे नेमकं लिहावं लागतं, नुसतं "तपास नीट केला नाही" चालत नाही. पेपर दाखवून घ्या कोणाला तरी.

प्र. चेक बाउन्स झाला, पोलीस तक्रार घेत नाहीत. (कोपरी)

बरोबर करतायत, ते चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट) कलम १३८ चं काम, थेट कोर्टात. बँकेचा मेमो (चेक परत आल्याची चिठ्ठी) मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, समोरच्याला ती मिळाल्यापासून १५ दिवस पैसे द्यायला, त्यापुढे एका महिन्यात तक्रार. तुम्ही मेमोची तारीखच लिहिलेली नाही. चेक आणि मेमो घेऊन आजच वकील गाठा, पोलीस स्टेशनच्या फेऱ्यांत किती दिवस गेले ते आधी मोजा.