बातमी खरी असेल तर खेळाडूची खासगी माहिती छापण्यात गैर काय?

खेळाडू सार्वजनिक जीवनात असतो, मग त्याच्या शरीराविषयीची बातमी खरी असल्यास ती छापण्यात गैर काय, असे आपण विचारले आहे. मराठी दैनिकाच्या क्रीडा पानावर मी अनेक वर्षे उपसंपादक होतो. बातमी खरी असणे ही छापण्याची पहिली अट आहे, पण तेवढ्यावर भागत नाही, हे मला फार उशिरा उमगले.

डिसेंबर २००६ मध्ये दोहा येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत तमिळनाडूच्या शांती सौंदरराजनने ८०० मीटर शर्यतीत रौप्यपदक जिंकले. तिचे आईवडील वीटभट्टीवर मजुरी करणारे. थोड्याच दिवसांत तिच्या लिंगचाचणीचा, म्हणजे महिला गटात खेळण्याची पात्रता तपासणाऱ्या चाचणीचा, निष्कर्ष फुटला. त्या रात्री वृत्तसंस्थेची बातमी माझ्यासमोर आली तेव्हा पान सोडायला पाऊण तास उरला होता. बातमीत ‘सूत्रांनी सांगितले’ हे शब्द जागोजागी होते, शांतीचे मात्र एकही वाक्य नव्हते. तिच्याशी संपर्क साधावा, निदान तिची बाजू येईपर्यंत थांबावे, असे आमच्यापैकी कोणीही सुचवले नाही, मीही नाही. ‘चाचणीत नापास’ असा तीन स्तंभी मथळा मी स्वतः दिला.

ते ‘नापास’ आजही मला बोचते. उत्तेजक द्रव्ये घेणाऱ्यांसाठी आम्ही वापरत असू तोच शब्द मी अशा मुलीला लावला, जिने कोणतेही औषध घेतले नव्हते, काही लपवले नव्हते आणि जिला स्वतःच्या शरीराबद्दलची ही गोष्ट जगाबरोबरच कळत होती. गुणसूत्रे व संप्रेरके यांचा विषय इतका गुंतागुंतीचा आहे की आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने सरसकट लिंगचाचण्या १९९९ मध्येच थांबवल्या होत्या. आम्ही तो चार शब्दांत निकालात काढला. शांतीचे पदक गेले आणि पुढे काही काळ तिला वीटभट्टीवर राबावे लागले.

याउलट अमेरिकी सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचे प्रकरण पाहा. तिथेही प्रश्न खेळाडूच्या शरीराचाच होता, परंतु तिथे उत्तेजक द्रव्ये घेऊन केलेल्या लपवाछपवीमुळे प्रामाणिक सायकलपटूंची फसवणूक होत होती, त्यामुळे ती माहिती बाहेर येणे लोकहिताचेच होते. डेव्हिड वॉल्श या पत्रकाराने २००१ मध्ये आर्मस्ट्राँगला समोर बसवून प्रश्न विचारले आणि संघातील मालिशतज्ज्ञ एमा ओरायली हिच्यासारख्या साक्षीदारांना त्यांच्या नावानिशी बोलते केले. आर्मस्ट्राँगने केलेल्या बदनामीच्या दाव्यात २००६ मध्ये वॉल्शच्या वृत्तपत्राला तडजोडीपोटी मोठी रक्कम मोजावी लागली, तरी वॉल्श मागे हटला नाही, आणि २०१२ मध्ये आर्मस्ट्राँगची टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली. भारतीय प्रेस कौन्सिलची आचारसंहितादेखील खासगी आयुष्यात शिरण्यासाठी खऱ्याखुऱ्या लोकहिताचीच अट घालते. वाचकांचे कुतूहल म्हणजे लोकहित नव्हे.

२०१४ मध्ये धावपटू द्युती चंदच्या वेळी लिंगचाचणीचा तोच प्रसंग पुन्हा आला. तिला राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून वगळले, एवढेच मी पहिल्या दिवशी छापले आणि चाचणीचा तपशील कापला. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत बातमी चुकवल्याबद्दल मला जाब विचारला गेला. पुढे द्युती स्वतः उघडपणे बोलू लागली, तिने आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे दाद मागितली आणि शरीरात नैसर्गिकरीत्या टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक जास्त असलेल्या महिलांना स्पर्धेबाहेर ठेवणारा नियमच लवादाने जुलै २०१५ मध्ये स्थगित केला. तेव्हा तिचे म्हणणे आम्ही तिच्याच शब्दांत सविस्तर छापले.