डायरीत ‘व्रात्य’ असा शेरा आला तर?

शाळेच्या डायरीत ‘व्रात्य’ किंवा ‘वात्रट’ असा शेरा आला की आईवडील हवालदिल होऊन येतात. हा शिक्का मुलावर कायमचा बसणार का, ही त्यांची पहिली काळजी. दुसरी बोलून दाखवायला जड जाते: आमचंच काही चुकलं का? दादरला माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाची हकीकत त्यांना विचारून, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून सांगते.

मुलगा तिसरीतला. लालबागची चाळ पुनर्विकासाला गेली आणि हे लोक कांजूरमार्गला भाड्याने राहायला गेले. शाळा मात्र जुनीच, परळची, सकाळच्या सत्राची. आईने डायरी उघडून माझ्यासमोर ठेवली. ‘वर्गात व्रात्यपणा करतो.’ ‘अतिशय वात्रट. पालकांनी भेटावे.’ ‘उपद्रवी. समज द्यावी.’ प्रत्येक शेऱ्याखाली आईची सही आणि एखादी ओळ. एका ठिकाणी त्यांनी लिहिलं होतं, ‘बाई, तो घरीही फार द्वाड आहे. आम्हीही हैराण आहोत. क्षमस्व.’

“ताई, आता तो स्वतःच तसं सांगत सुटतो,” त्या म्हणाल्या. “बिल्डिंगमधल्या नव्या मुलांना म्हणाला, मी वर्गातला सगळ्यात व्रात्य मुलगा आहे. परवा धाकटीचे केस ओढले म्हणून मी ओरडले, तर म्हणतो, मी दुष्टच आहे ना.” एवढं बोलून त्या रडायला लागल्या.

मी सगळी पानं वाचली. मुलाने नेमकं काय केलं, हे त्यातून एकदाही कळत नव्हतं. खडू फेकला, बाक वाजवला, कुणाला मारलं की नुसता मध्येच बोलला? गोकुळातल्या गवळणी यशोदेकडे गाऱ्हाणं घेऊन जायच्या, तेव्हा मडकं फोडलं, लोणी खाल्लं, वाट अडवली, असं सगळं साग्रसंगीत सांगायच्या. त्या गाऱ्हाण्यावर आईला काहीतरी करता येतं. ‘उपद्रवी’ एवढ्याच शेऱ्यावर ती फक्त लाजू शकते, नाहीतर मुलाला बदडू शकते.

आजीने ‘द्वाड कुठला’ म्हणत गालगुच्चा घेतला, तर त्यातली माया पोराला बरोबर कळते. लाल शाईत लिहिलेल्या त्याच शब्दाला ना आवाज असतो ना चेहरा. आठ वर्षांचं मूल तो शब्द पुन्हा पुन्हा वाचतं आणि आपण असेच आहोत असं धरून चालतं. या वयात मुलं स्वतःबद्दलचं मत मोठ्यांच्या बोलण्यातूनच बांधत असतात, म्हणून मला हे फार गंभीर वाटतं.

शाळेशी भांडायला जाऊ नका, असं मी आईला सांगितलं. कायदा पालकांच्या बाजूने आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं १७वं कलम मारहाणीबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं, आणि राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत अपमानकारक विशेषणं वापरून रागावणंही त्यात धरलं आहे. पण या बाई छळ करणाऱ्यांतल्या नव्हत्या. वर्गात पन्नासच्या वर मुलं. फोनवर मला म्हणाल्या, “डायरी लिहायला मधल्या सुट्टीतली पाच मिनिटं मिळतात हो. एक शब्द लिहून पुढची वही घेते.” मी त्यांना एवढंच सुचवलं की ओळ एकच लिहा, पण वार, तास आणि काय घडलं ते लिहा. वर्णनात्मक नोंदी करायची सवय त्यांना होतीच, त्या लगेच तयार झाल्या. आईने घरच्या नोंदी तशाच ठेवायच्या ठरल्या.

दोन आठवड्यांनी डायरीत हे होतं: ‘मंगळवार, गणित. सगळ्यांच्या आधी उदाहरणं सोडवली, मग पुढच्या मुलाच्या दप्तराचे बंद बाकाला बांधले.’ ‘बुधवार, पहिला तास. डुलक्या काढत होता. उठवल्यावर शेजाऱ्याला पेन्सिल टोचली.’ ‘शुक्रवार. परिपाठाच्या रांगेत ढकलाढकली.’ आईच्या वहीत: ‘रात्री साडेअकराला झोपला. पहाटे पाचला उठवलं.’ हे जवळजवळ रोजचंच.

बाबा कामावरून साडेदहाला घरी येतात आणि पोरगा त्यांच्यासाठी जागा राहतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. याला सहासुद्धा मिळत नव्हती. झोप अपुरी पडली की मोठी माणसं मरगळतात. लहान मुलं बऱ्याचदा उलट वळवळी, चिडखोर होतात, आणि मोठ्यांना तो व्रात्यपणा वाटतो. त्यात चाळीतली गॅलरी सुटली. शाळेतून आल्यावर दिवे लागेपर्यंत तिथे होणारी धावपळ बंद झाली, आणि अंगातली रग जिरायला जागाच उरली नाही.

अतिचंचलतेची (एडीएचडी या विकाराची) शंका आईने काढलीच. तिचं निदान डायरीवरून होत नाही. लक्षणं बारा वर्षांच्या आतली, किमान सहा महिन्यांपासूनची, घर आणि शाळा अशा दोन्हीकडे दिसणारी लागतात. हा मुलगा रविवारी झोप झाली की मामाशी तासभर बुद्धिबळ खेळत बसायचा. म्हणून आधी झोप सुधारू, फरक पडला नाही तर तज्ज्ञांकडे पाठवीन, असं ठरवलं. मुलगा प्राण्यांना मुद्दाम इजा करत असेल, आगीशी खेळत असेल, मारहाण किंवा चोरी पुन्हा पुन्हा करत असेल, तर मात्र थांबू नका, थेट बालमानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

आणि शिक्क्याचं म्हणाल, तर डायरी वर्ष संपलं की रद्दीत जाते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीचा रकाना असतो खरा, पण त्यात सहसा ‘चांगली’ एवढंच लिहून येतं.

आता बाबा घरी येतात तेव्हा मुलगा झोपलेला असतो. त्यांची भेट सकाळी स्टेशनवर जाताना होते, कारण शाळेत सोडायचं काम बाबांनी घेतलंय. गणिताच्या तासाला बाई फळ्याच्या कोपऱ्यात एक जादा कोडं लिहून ठेवतात. दप्तराचे बंद बांधणं थांबलं. धाकटीचे केस तो अजूनही ओढतो. आई म्हणते, “केस ओढलेस, तिला दुखलं, आता तेल लावून वेणी घालून दे.” पहिल्यांदा त्याने घातलेली वेणी दोन मिनिटांत सुटली, म्हणून धाकटीने पुन्हा घालायला लावली. रांगेतली ढकलाढकली चालूच आहे, त्यावर आमचं काम सुरू आहे.