झडतीत बॅटरी सापडली, माफी कापली: आधी सत्र न्यायालयाचा कागद मागा

प्रश्न थोडक्यात असा: भाऊ नागपूर मध्यवर्ती कारागृहात दहा वर्षांची शिक्षा भोगतोय. बराकीच्या झडतीत संडासाच्या फरशीखाली मोबाइलची बॅटरी निघाली आणि ती त्याच्या नावावर लावली. साठ दिवसांची माफी, म्हणजे शिक्षेत मिळालेली सूट, कापली, महिनाभर मुलाकात बंद केली आणि आता त्याच शेऱ्यावर संचित रजा (फर्लो) नाकारली. झडतीत मारहाण झाल्याचंही तो सांगतो. याला आठ महिने झाले. अशी पत्रं नेहमीच येतात, फक्त बॅटरीच्या जागी कधी चार्जर असतो, कधी सिमकार्ड.

ताई, बॅटरी त्याची नव्हती हे पटवण्यात तुम्ही दोन पानं भरली आहेत. सगळी बराक वापरते त्या संडासात सापडलेली वस्तू एकाच्या माथी कशी मारली, हा मुद्दा आहेच. पण तो नंतरचा. तुमचं प्रकरण एका कागदावर ठरेल: या शिक्षेची सत्र न्यायाधीशांकडून न्यायिक तपासणी झाली होती का?

कैद्यांच्या हक्कांवरच्या सुनील बात्रा प्रकरणाच्या दुसऱ्या निकालात (डिसेंबर 1979) सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की शिक्षेची कोठडी, सवलती काढून घेणं किंवा शिक्षा म्हणून दुसऱ्या तुरुंगात हलवणं, यातलं काहीही सत्र न्यायाधीशांच्या तपासणीशिवाय करायचं नाही. तातडीमुळे आधी कळवणं जमलं नाही, तर कारवाईनंतर दोन दिवसांत कळवायचं. माफी हा हक्क नाही, सवलत आहे, असं सरकारी वकील म्हणतील. म्हणू द्या. निकालात सवलतींचाच उल्लेख आहे.

म्हणून तीन तारखा मिळवा: झडतीची, अधीक्षकांच्या लेखी आदेशाची आणि सत्र न्यायालयाला गेलेल्या पत्राच्या जावक नोंदीची. तिसरी नसेल तर तुमची बाजू भक्कम आहे. ती असली आणि वर नुसतं ‘मंजूर’ लिहिलेलं असलं, तर भावाचं म्हणणं न्यायाधीशांसमोर ठेवलं होतं का, हे बघावं लागेल. तिथे निकाल कुठेही झुकू शकतो.

सोबत शिक्षा नोंदवहीचा उतारा मागा. 1894 च्या कारागृह अधिनियमाच्या कलम 51 प्रमाणे त्यात गुन्हा, त्याची तारीख, आधीचे गुन्हे, दिलेली शिक्षा आणि ती अमलात आल्याची तारीख हवी. गुन्हा गंभीर धरला असेल तर साक्षीदारांची नावंही हवीत. तुरुंगाधिकारी आणि अधीक्षक, दोघांच्या सह्या लागतात. (नव्या कारागृह कायद्याने कलमांचे आकडे बदललेले असू शकतात, म्हणून घटनेची तारीख वकिलाला नक्की सांगा.) कलम 48 नुसार अधीक्षकांच्या हाताखालच्या कुणालाही शिक्षा देता येत नाही. मुलाकात हवालदाराच्या तोंडी हुकमाने थांबली असेल आणि वहीत तशी नोंद नसेल, तर तो वेगळा आणि सोपा मुद्दा आहे.

हे कागद माहिती अधिकारात मागता येतात. कलम 7(1) मधली 48 तासांची तरतूद स्वातंत्र्याशी निगडित माहितीसाठी आहे, अर्जात ती ठळक लिहा. ती लागू नाही म्हणाले तरी 30 दिवस आहेतच. हा अर्ज पहिल्याच आठवड्यात करायचा होता. त्याऐवजी तुम्ही वर्धा रोडच्या गेटवर वाद घातला आणि साहेबांना व्हॉट्सअॅप पाठवत बसलात. उच्च न्यायालयातल्या रिट याचिकेला ठरलेली मुदत नसते, पण या आठ महिन्यांचा खुलासा याचिकेत द्यावा लागेल. सीसीटीव्हीचं चित्रीकरण एव्हाना पुसलं गेलं असण्याचीच शक्यता जास्त. तरी ते जपून ठेवण्याची मागणी लेखी करा, म्हणजे ‘पुसलं’ हे उत्तर तरी कागदावर येईल.

धंतोली पोलीस ठाण्यात बॅटरीबद्दल भावावर गुन्हा दाखल झाला होता का, तेही विचारा. कारागृह अधिनियमाच्या कलम 52 च्या परंतुकाप्रमाणे एकाच अपराधाला दोनदा शिक्षा नाही. त्यामुळे तिथे खटला चालू असेल, तर आपण आधी काय मांडायचं ते बदलेल.

मारहाणीचं सध्या बाजूला ठेवा. त्या दिवसांची तुरुंगाच्या दवाखान्यातली नोंद निघाली तर स्वतंत्र तक्रार करा. नोंद नसताना हे आरोप याच याचिकेत घातले, तर सुनावणी त्यांच्यातच अडकते आणि माफीचा मुद्दा मागे पडतो.

संचित रजेचा नकार उपमहानिरीक्षक, पूर्व विभाग यांचा असेल. त्यावर पुण्याला कारागृह महानिरीक्षकांकडे अपील आहे, ते करून ठेवा. पण बॅटरीवरून झालेल्या शिक्षेचा शेरा उभा असेपर्यंत त्यातून फारसं निघेल असं वाटत नाही. तो शेरा नागपूर खंडपीठात फौजदारी रिट करूनच पाडावा लागेल, आणि रजेच्या नकाराला त्याच याचिकेत आव्हान देता येतं. सुनावणीच्या तारखा मिळायला वेळ लागतो, म्हणून अंतरिम मागणी पहिल्याच दिवशी घाला.

वकिलाची फी परवडत नसेल तर कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 खाली मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, सिव्हिल लाइन्सला. वकीलपत्रावर भावाची सही कारागृहामार्फतच साक्षांकित होऊन येते आणि ते तिथे बरेच दिवस पडून राहतं. त्यामुळे माहिती अधिकाराच्या उत्तराची वाट न बघता ते याच आठवड्यात आत पाठवा, पोच घेऊन.