टीतांचा खोका

प्रश्न: ताई, मी डेली सिटीत राहते, कॅलिफोर्नियात. माझे ड्रेस अल्टर करून देणाऱ्या फिलिपिनो टीता (म्हणजे त्यांच्याकडे मावशी) दिवसभर मशीनवर असतात आणि कोपऱ्यात एक मोठा खोका कायम उघडा, त्यात साबण, चॉकलेटं, टॉवेल भरत असतात. मुलं तर इथेच आहेत, मग कोणासाठी? विचारलं तर चालेल का?

उत्तर: अगं विचार की! तो बालिकबायान बॉक्स, बालिकबायान म्हणजे मायदेशी परत येणारा. हा खोका बोटीने फिलिपिन्सला घरच्यांकडे जातो, पोचायला आठवडे लागतात. 1965 च्या अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यानंतर खूप फिलिपिनो अमेरिकेत आले, नर्सेस आल्या तशा शिवणाऱ्याही, आणि कॅलिफोर्नियात शिवणाच्या वर्कशॉपमध्ये 2022 पर्यंत बऱ्याचदा नगावर पैसे मिळायचे, म्हणजे पोराला ताप असला तरी मशीन सोडली की त्या दिवसाची कमाई जायची, मला हे वाचूनच कसंतरी होतं. आणि तिकडच्या भावंडांना बोलवायचं तर व्हिसाची रांग साधारण 20 वर्षांची! माणसं येऊ शकत नाहीत म्हणून खोका जातो गं. त्यांना पिन्याबद्दलही विचार, अननसाच्या पानांच्या धाग्याचं कापड, फिलिपिन्समधल्या कालिबो गावचं प्रसिद्ध आहे, इतकं झिरझिरीत की त्यावर सुई चालवायला हात हलका लागतो. आणि जाताना तुझ्याकडून एक साबणाचं पाकीट खोक्यात टाक.