रॅपिड निगेटिव्ह, पीसीआर पॉझिटिव्ह

प्रश्न : गड्ड्याच्या जत्रेहून आल्यावर सासऱ्यांना ताप-खोकला सुरू झाला. पाचव्या दिवशी रॅपिड टेस्ट केली, निगेटिव्ह. पुढे धाप लागली म्हणून ॲडमिट केलं, तिथे पीसीआरमध्ये इन्फ्लुएन्झा ए (फ्लूचा विषाणू) निघाला. आधीचे लॅबवाले म्हणतात, "विषाणू बदललाय, किट काय करणार?" हे खरं का? सासूबाईंना शुगर आहे, त्यांना ताप आला तर काय करायचं?
— एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : ताई, विषाणू बदलतो हे खरं. पण लॅबमध्ये इतकी वर्षं काढल्यावर सांगते, हे उत्तर फार सोयीचं झालंय. पाचव्या दिवशी मोठ्या माणसाच्या नाकात विषाणू मुळात कमी उरतो. त्यात आपल्याकडे स्वॅब नाकपुडीच्या तोंडाशीच फिरवून काढतात. तो वर नाही, टाळूला समांतर सरळ आत जायला हवा. डोळ्यांत पाणी आलं नाही तर मला शंकाच येते. शिवाय साधं रॅपिड किट शंभरातले पन्नास ते सत्तर रुग्णच पकडतं.

आता बदलाचं. रॅपिड किट विषाणूच्या आतलं न्यूक्लिओप्रोटीन नावाचं प्रथिन ओळखतं. लसीला दरवर्षी चकवणारे बदल होतात ते बाहेरच्या प्रथिनांत, त्यामुळे किटचं सहसा निभावतं. पीसीआरमध्ये विषाणूच्या जनुकाच्या नकला काढून तो शोधतात. त्यातला प्रायमर म्हणजे जनुकाच्या ठरावीक तुकड्याला चिकटणारी वीसेक अक्षरांची साखळी. मधलं एखादं अक्षर बदललं तरी चालतं. ज्या टोकापासून नक्कल सुरू होते तिथलंच बदललं की तपासणी लंगडते. म्हणून बहुतेक पीसीआर किट सहसा न बदलणारं एम जनुक शोधतात. पण २००९ च्या स्वाइन फ्लूच्या विषाणूत तिथेही बदल सापडले होते, म्हणून चांगल्या किटमध्ये दोन जागा तपासतात. एक जागा ठळक उजळली आणि दुसरी कोरी राहिली, तर मी बदलाचा संशय घेते. असा नमुना पुण्याला एनआयव्हीकडे (राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे) जनुकक्रम वाचायला पाठवता येतो. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) २०१७ मध्ये रॅपिड किटचे नियम कडक केले, त्यात दरवर्षी फिरत्या विषाणूंवर किट पुन्हा तपासण्याची अट घातली.

सासूबाईंना ताप आलाच, तर रिपोर्टची वाट बघत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना शुगरचं सांगून ओसेल्टामिविर या फ्लूवरच्या गोळीबद्दल विचारा. पहिल्या ४८ तासांत सुरू झाली तर ती जास्त उपयोगी पडते. रॅपिड निगेटिव्ह आली म्हणून गोळी थांबवायची की नाही, ते डॉक्टर ठरवतील, लॅब नाही.