लहान खंड्या जवळ जाताच उडतो, मग त्याचा फोटो कसा काढायचा?

त्याच्या मागे जाऊ नका. तो जिथे परत येणार आहे तिथे आधीच जाऊन बसा. खंड्या आपल्या हद्दीतल्या ठरावीक फांद्यांवरूनच पाण्यात सूर मारतो आणि पकडलेला मासा आपटून मारायला बऱ्याचदा त्याच फांदीवर येतो. हे मी पुण्याच्या पाषाण तलावावर आणि भिगवणला उजनी धरणाच्या काठी कितीतरी सकाळी बसून पाहिलं आहे. फांदी ओळखायची खूण म्हणजे तिच्यावरचे आणि खालच्या दगडावरचे पांढरे विष्ठेचे ओघळ. पहिल्या दिवशी कॅमेरा बाहेर काढूच नका, दुरून फक्त बघा. दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधी पोहोचा, सूर्य पाठीशी ठेवा, मातकट रंगाचे कपडे घाला आणि खाली बसा. उभी माणसाची आकृती त्याला लांबूनच कळते. शटरचा वेग १/१६०० सेकंदाच्या आसपास, फोकस फांदीवर आधीच लावलेला. तो आला की लगेच हात हलवू नका. निवांत पिसं साफ करू लागला की मगच क्लिक करा. तासन्‌तास काहीच घडणार नाही, तरी जागा बदलू नका.

एक मात्र पाळाच: चोचीतल्या माशाचं डोकं बाहेरच्या बाजूला असेल, तर तो घास बहुधा पिल्लांसाठी किंवा मादीसाठी आहे. काठाच्या दरडीत जवळच बीळ असू शकतं. तिथून सरळ निघून या, कारण तुम्ही बसून राहिलात तर तो बिळात शिरत नाही आणि पिल्लं उपाशी राहतात.